बोचेल्लीपासून ऑपेरापर्यंत: ठाणे-नवी मुंबईच्या नवख्या श्रोत्यांसाठी

इटालियन गायक आंद्रेआ बोचेल्लीचं एखादं गाणं रीलमध्ये कानावर पडलं, अंगावर काटा आला, म्हणून उत्साहाने अख्खा ऑपेरा लावला आणि दहाव्या मिनिटाला जांभई आली. असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः याच वाटेने गेले. वाटेत सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून लिहून ठेवतेय.

जांभई आली यात तुमचा काही दोष नाही. ऐकण्याचा क्रम चुकतो, एवढंच. क्लासिकल क्रॉसओव्हर म्हणजे आवाज ऑपेराच्या धाटणीचा, पण गाणं तीन-चार मिनिटांचं, तोंडासमोर मायक्रोफोन आणि मागे बऱ्याचदा पॉपच्या वळणाचा वाद्यमेळ. शुद्धतावादी मंडळी याला नाकं मुरडतात. मुरडू देत. आपल्याकडे तरी किती घरांत रागसंगीत थेट ख्यालातून आलं? नाट्यपदाचं बोट धरूनच आलं. भूप कुठला नि देसकार कुठला हे न कळणाऱ्या आज्यांना ‘सौभद्रा’तली पदं तोंडपाठ असायची. नाट्यपद नाटकातून उचलून बैठकीत गातात, तसंच क्रॉसओव्हरवाले ऑपेरातलं गाणं उचलून स्टेडियममध्ये गातात. फरक इतकाच, की पद नाटकात कुठे येतं, कोण कोणाला म्हणतं, हे आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्याला ठाऊक असतं. ऑपेराच्या बाबतीत ती माहिती आपल्याकडे नसते. ती भरून काढायची, बाकी काही नाही. खालच्या पायऱ्या सगळ्या त्यासाठीच आहेत.

काय लागेल?

- कान पूर्ण झाकणारे हेडफोन. महागडे नकोत, पण मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे सूर जवळजवळ नाहीसेच होतात आणि उरते ती नुसती किंकाळी.
- यूट्यूब किंवा गाण्यांचं कुठलंही अ‍ॅप. जमलं तर जाहिराती नसलेलं. सूर टिपेला पोचला असताना मध्येच डिटर्जंटची जाहिरात लागली की पुन्हा मन लागत नाही.
- एक वही.
- इंग्रजी सबटायटल्स वाचता येतील इतपत इंग्रजी.

इटालियन, फ्रेंच, जर्मन यायला हवं असं नाही. स्वरलिपीही वाचता आली पाहिजे असं नाही.

१. आधी नुसता आवाज ऐका

सुरुवात ‘बार्सेलोना’ने करा. फ्रेडी मर्क्युरी आणि मोंसेरात काबाये यांचं हे युगुलगीत १९८७ सालचं. फ्रेडी म्हणजे मूळचा फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा आणि शाळा आपल्या पाचगणीची. काबाये ही स्पेनची मोठी ऑपेरा गायिका. हे गाणं ऑपेरातलं नाही. ते ऐकायचं कारण वेगळं आहे: एका चौकटीत रॉकचा आवाज आणि ऑपेराचा आवाज शेजारी शेजारी ऐकायला मिळतात. दोघंही ताकदीचे. फ्रेडी शब्दावर जोर देतो, आवाजाला धार आणतो, मध्येच खरखर येऊ देतो. काबाये शब्दापेक्षा स्वराची सलगता सांभाळते. तिचा वरचा सूर किंचाळल्यासारखा न होता गोल आणि भरलेला राहतो. एकदा फक्त त्याच्याकडे लक्ष देऊन ऐका, एकदा फक्त तिच्याकडे. गाण्याचा अर्थ वगैरे आत्ता बाजूला ठेवा.

ऑपेराच्या आवाजात जो सतत बारीक कंप असतो त्याला व्हिब्राटो म्हणतात. आपल्या कानाला तो सुरुवातीला खटकतो, कारण आपल्याकडे स्वर स्थिर लावणं हीच तयारी, आणि हलवायचा तर आंदोलन किंवा गमक म्हणून, हेतूने. ही अडचण बहुतेक मराठी कानांना येते आणि तिच्यावर वाद घालून उपयोग नसतो. आठवडाभर रोज थोडं ऐकलं की कान आपोआप त्या कंपाच्या मधोमध असलेला सूर पकडायला लागतो.

२. ऑपेरातलं कुठलं आणि नुसतंच इटालियन कुठलं, हे वेगळं करा

पहिला मोठा सापळा हा. गाणं इटालियनमध्ये आहे, गायक सूटबुटात आहे, मागे व्हायोलिनं आहेत, म्हणजे ऑपेराच असणार, असं आपण धरून चालतो. मग त्या गाण्याचा ‘मूळ ऑपेरा’ शोधत बसतो आणि तो सापडत नाही, कारण तो नसतोच.

बोचेल्लीचं सगळ्यांत गाजलेलं ‘कॉन ते पार्तिरो’ हे इटलीतल्या १९९५च्या सानरेमो महोत्सवातलं पॉप गाणं. पुढच्याच वर्षी इंग्लिश गायिका सारा ब्राइटमनबरोबर ते ‘टाइम टू से गुडबाय’ या नावाने जगभर गेलं. ‘ओ सोले मियो’ हे १८९८चं नेपल्सचं गाणं. ‘फुनिकुली फुनिकुला’ तर १८८०चं, व्हेसूव्हियस ज्वालामुखीवर चढणाऱ्या नव्या दोरखंडी रेल्वेबद्दलचं. ‘ग्रानादा’ मेक्सिकोच्या अगुस्तीन लाराचं. आणि ‘फँटम ऑफ द ऑपेरा’, नावात ऑपेरा असला तरी, १९८६ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेलं म्युझिकल आहे. त्यातली पहिली नायिका सारा ब्राइटमनच होती.

यातलं काही कमी दर्जाचं आहे असं नाही. फक्त पुढच्या पायरीसाठी ती गाणी उपयोगाची नाहीत. त्यासाठी ही पाच घ्या, ही खरोखर ऑपेरातली आहेत आणि क्रॉसओव्हरवाल्यांनी घासून गुळगुळीत केलेली आहेत:

- ‘नेस्सून दोर्मा’: पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’मधलं
- ‘ओ मियो बाब्बीनो कारो’: पुच्चिनीच्याच ‘जान्नी स्कीक्की’तलं
- ‘ला दोन्ना ए मोबिले’: व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’तलं
- ‘हाबानेरा’: बिझेच्या ‘कार्मेन’मधलं
- फुलांचं युगुलगीत: देलिबच्या ‘लाक्मे’मधलं

शेवटचं तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता दाट, ब्रिटिश एअरवेजने ते जाहिरातीत वापरलं होतं. १८८३ सालच्या या फ्रेंच ऑपेराची कथा इंग्रजी अमलाखालच्या हिंदुस्थानात घडते. नायिका एका ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी, तिची दासी मल्लिका, आणि दोघी नदीकाठी फुलं वेचताना गातात. टाटांनी १९५२ साली सौंदर्यप्रसाधनांचा जो ‘लॅक्मे’ ब्रँड काढला त्याचं नाव याच ऑपेरावरून आलं. म्हणजे ड्रेसिंग टेबलावर ऑपेरा आपल्याकडे केव्हाच पोचला होता.

३. वहीत चार रकाने पाडा

गाणं कोणत्या ऑपेरातलं. कितव्या अंकातलं. कोण म्हणतं. कोणाला आणि कशासाठी. एवढंच. पाच गाण्यांचे हे रकाने भरून झाले की तुमचं ऐकणं बदललेलं असेल. कसं, ते दोन उदाहरणांनी सांगते.

‘ओ मियो बाब्बीनो कारो’ घ्या. क्रॉसओव्हरच्या कार्यक्रमात गायिका लांब झग्यात येते, निळा प्रकाश, डोळे मिटलेले, जणू देवळात प्रार्थना चाललीय. लग्नाच्या व्हिडिओंवरही हे गाणं चिकटवलेलं दिसतं. आता मूळ प्रसंग पाहा. १२९९ सालचं फ्लॉरेन्स शहर. एक श्रीमंत म्हातारा नुकताच गेलाय, प्रेत आत पलंगावर आहे आणि नातेवाईक मृत्युपत्र शोधताहेत. सापडतं, तर म्हाताऱ्याने सगळं मठाला देऊन टाकलेलं. आता यातून मार्ग काढू शकेल असा एकच वस्ताद गावात आहे, जान्नी स्कीक्की. पण हे खानदानी नातेवाईक त्याचा असा काही पाणउतारा करतात की तो ‘यांच्यासाठी काही करायचं नाही’ म्हणत निघतो. त्याच्या मुलीचं त्या घरातल्या मुलावर प्रेम आहे. बाप निघून गेला तर लग्न मोडलंच. तेव्हा ती बापाला लाडीगोडी लावते: बाबा, मला तो आवडतो, मला अंगठी घ्यायला जायचंय, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी पोन्ते व्हेक्क्यो पुलावर जाऊन आर्नो नदीत उडी टाकीन.

म्हणजे ही प्रार्थना नव्हे, हट्ट आहे. सूर गोड आहेत कारण बाप त्या गोडीलाच भुलणार हे पोरीला पक्कं ठाऊक आहे. आणि तो भुलतोच. पुढे तो मेलेल्या म्हाताऱ्याच्या अंथरुणात शिरून त्याच्या आवाजात नवं मृत्युपत्र सांगतो आणि त्यातला सगळ्यांत चांगला वाटा स्वतःच्याच नावे करतो. नातेवाईकांना ओरडताही येत नाही, कारण ओरडले तर तेही फसवणुकीत सामील! सातबाऱ्याची भांडणं पाहिलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरं ‘ला दोन्ना ए मोबिले’. पिझ्झाच्या जाहिरातीत शोभेल अशी उडती चाल, तिघं टेनर (उंच आवाजाचे पुरुष गायक) एकमेकांवर कुरघोडी करत गातात आणि लोक ठेका धरतात. ऑपेरात हे एका बदफैली ड्यूकचं गाणं आहे, बायका कशा पिसासारख्या चंचल असतात असं म्हणणारं. म्हणणारा स्वतः काय लायकीचा आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं, त्यातच त्याची खोच. पण खरी करामत पुढे आहे. ड्यूकने ज्याच्या मुलीला नादी लावलं तो कुबडा विदूषक रिगोलेत्तो, ड्यूकला मारायची सुपारी देतो. वादळी रात्र. मारेकरी त्याच्या हाती एक पोतं देतो. रिगोलेत्तो विजयाच्या आनंदात ते नदीकडे ओढत नेतो. आणि तेवढ्यात लांबून तीच उडती चाल ऐकू येते. ड्यूक गातोय. मग पोत्यात कोण?

पोत्यात त्याची मुलगी आहे. ड्यूकवर जीव जडलेला, म्हणून त्याच्याऐवजी ती मरायला पुढे झालेली.

व्हेर्दीने हे १८५१ साली केलं. ती चाल मुद्दाम इतकी सोपी आणि चिकट ठेवली आहे, कारण शेवटच्या अंकात लांबून दोन ओळी आल्या तरी प्रेक्षकाने ती तत्क्षणी ओळखायला हवी. तीन मिनिटांच्या क्रॉसओव्हरमध्ये तुम्हाला चाल मिळते, हा धक्का मिळत नाही. तो हवा असेल तर ऑपेराकडे जावंच लागतं.

उरलेल्या तीन गाण्यांचे रकाने तुम्ही भरा. विकिपीडियावर ‘कथानक’ वाचायला पंधरा मिनिटं लागतात. ‘आधीच शेवट कळला तर मजा जाईल’ ही भीती ठेवू नका. सुभद्रेचं लग्न शेवटी अर्जुनाशीच लागतं हे माहीत असूनही लोक ‘सौभद्र’ पुन्हा पुन्हा पाहतच आलेत.

४. एकच गाणं तीन प्रकारे ऐका

यासाठी ‘नेस्सून दोर्मा’सारखं दुसरं गाणं नाही, आणि त्यात एक मुंबईकरही भेटतो.

पहिल्यांदा ऐका ७ जुलै १९९० रोजी रोमच्या काराकाला स्नानगृहांच्या अवशेषांत झालेल्या मैफलीतलं. दुसऱ्या दिवशी विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना. मंचावर पाव्हारोत्ती, दोमिंगो आणि करेरास हे तीन टेनर, आणि वाद्यवृंदाचं संचालन करताहेत मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. पाव्हारोत्ती हे गाणं आधी एकटा म्हणतो, शेवटी तिघं मिळून पुन्हा म्हणतात. जगातल्या कित्येकांची ऑपेराशी पहिली ओळख त्या रात्री झाली.

दुसऱ्यांदा ऐका १९७२ साली ध्वनिमुद्रित झालेल्या अख्ख्या ‘तुरांदोत’मधलं. गायक तोच पाव्हारोत्ती, संचालक तेच मेहता. तुलना इतकी सोपी करून देणारी जोडी दुसरी मिळणार नाही. इथे गाण्याच्या मध्यावर लांबून बायकांचा कोरस येतो. राजकन्येचा हुकूम आहे की या परक्या राजपुत्राचं नाव पहाटेपर्यंत कळलं नाही तर सगळ्यांना मरण, म्हणून त्या म्हणताहेत की याचं नाव कोणालाच कळणार नाही आणि आम्ही मरणार. त्याच वेळी राजपुत्र ‘मी जिंकणार’ म्हणतोय. क्रॉसओव्हरमध्ये हा कोरस बऱ्याचदा गाळतात किंवा वाद्यांवर ढकलतात. मग उरतो नुसता विजय. कोरससकट ऐकलंत तर त्या माणसाचा निर्दयपणाही ऐकू येतो. आणखी एक: गाणं संपताच इथे टाळ्यांसाठी जागा नाही, संगीत तसंच पुढे वाहत जातं. मैफलीत ऐकलेला तो दणदणीत शेवट मैफलीसाठी जोडलेला असतो.

तिसऱ्यांदा पॉल पॉट्सचं ऐका. मोबाईल फोन विकणारा हा माणूस २००७ साली ब्रिटनच्या टीव्ही स्पर्धेत हेच गाणं म्हणून रातोरात प्रसिद्ध झाला. गाणं कापून छोटं केलेलं आहे. कुठे कापलंय ते आता तुम्हालाच ओळखता येईल.

शेवटचा जो वरचा सूर सगळे लांबवतात, ‘विन्चेरो’ या शब्दातला, तो पुच्चिनीने स्वरलिपीत अगदी आखूड लिहिलेला आहे. ताणण्याची रीत गायकांनी पाडली. टाळ्यांसाठी तान लांबवणं आपल्याला काही नवीन नाही.

आता मायक्रोफोनबद्दल. क्रॉसओव्हर आणि ऑपेरा यांतला सगळ्यांत मोठा फरक हाच आहे, गाण्यांच्या निवडीचा नाही. ऑपेराचा गायक मायक्रोफोनशिवाय, साठ-सत्तर वाद्यांच्या वरून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. हे नुसतं जोराने ओरडून होत नाही. वाद्यवृंदाच्या आवाजाचा भर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच्या वर तो उतरत जातो. तयार गायक घसा आणि तोंडाची पोकळी अशी बसवतो की आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक वेगळी झळाळी येते. तिथे वाद्यं फारशी आडवी येत नाहीत आणि माणसाचा कानही तिथे तिखट असतो. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी यावर बरंच संशोधन केलंय. मायक्रोफोन आला की ही गरज संपते, मग गायक हळू गाऊ शकतो, कुजबुजू शकतो, श्वास ऐकवू शकतो. बोचेल्लीची हळुवार गाणी त्या जवळिकीवरच उभी आहेत. त्यात वाईट काही नाही, पण ते वेगळं कसब आहे.

आणि कुंपण तितकं पक्कंही नाही. याच बोचेल्लीने अख्खा ‘ला बोएम’ ध्वनिमुद्रित केलाय, तोही झुबिन मेहतांच्याच संचालनाखाली.

लोकलने जाणाऱ्यांसाठी एक व्यवहारी गोष्ट. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरमध्ये ऑपेरा ऐकायला जाऊ नका. क्रॉसओव्हरची रेकॉर्डिंग्ज पॉपसारखी सगळीकडे सारख्या मोठ्या आवाजात बसवलेली असतात, ती गाडीच्या खडखडाटातही ऐकू येतात. ऑपेरात हळू म्हणजे खरंच हळू. ऐरोली येईपर्यंत काहीच ऐकू येत नाही म्हणून तुम्ही आवाज वाढवता आणि रबाळेला अख्खा वाद्यवृंद कानात फुटतो. गाडीत क्रॉसओव्हर, घरी ऑपेरा. घरीही हेडफोनवरच, कारण सोसायटीत रात्री अकराला उंच आवाजाची गायिका लावली तर सगळ्यात आधी वॉचमन बेल वाजवतो.

५. आवाजांची नावं शिका, पण चारच

सोप्रानो: बायकांचा उंच आवाज. मेझो: बायकांचा खालचा. टेनर: पुरुषांचा उंच. बॅरिटोन: त्याखालचा. (बासही आहे, पण तो बहुधा राजा, पुजारी किंवा सैतान म्हणून येतो आणि स्वतःच ओळख देतो.) फुलांच्या युगुलगीतात सोप्रानो आणि मेझो जोडीने जातात, तिथे फरक सहज कळतो.

आपल्याला यात अडखळायला होतं त्याचं कारण आहे. आपल्याकडे गायक आपली पट्टी स्वतः ठरवतो. काळी एक, पांढरी चार, ज्याला जी झेपेल ती, आणि राग तोच राहतो. ऑपेरात पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली असते, म्हणून भूमिकेला आवाज शोधावा लागतो. क्रॉसओव्हरमध्ये मात्र गायकाच्या सोयीने गाणं खाली-वर करतात. त्या बाबतीत क्रॉसओव्हर आपल्या पद्धतीच्या जवळचं.

६. गाण्यावरून प्रसंगाकडे

थेट अख्ख्या ऑपेरावर उडी मारू नका. मध्ये एक पायरी आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात: पंधरा-वीस मिनिटांचा एक सलग प्रसंग.

मी सांगेन तो ‘ला बोएम’च्या पहिल्या अंकाचा शेवट. १८९६ सालचा ऑपेरा. पॅरिसमधली नाताळच्या आदल्या दिवसाची रात्र, माळ्यावरची थंड खोली, एक कफल्लक कवी. शेजारीण मेणबत्ती पेटवायला येते. तिची किल्ली पडते, मेणबत्त्या विझतात, दोघं अंधारात जमिनीवर किल्ली चाचपडतात. त्याला किल्ली सापडते आणि तो ती गुपचूप खिशात घालतो. मग त्याचा हात तिच्या हाताला लागतो आणि तो म्हणतो, किती गार पडलाय हा हात. इथून त्याचं गाणं सुरू होतं, मग तिचं, मग दोघांचं मिळून. तिन्ही गाणी क्रॉसओव्हरच्या कार्यक्रमांत सुटी सुटी ऐकायला मिळतात. सलग ऐकलीत तर कळतं की किल्लीचं नाटक चालू असताना वाद्यवृंद काय करतोय.

गाण्यांच्या मधला बोलल्यासारखा जो भाग असतो तिथे नवा माणूस कंटाळतो. तो पुढे ढकलू नका, सबटायटल्स वाचा. गोष्ट तिथेच सरकते. हे फारच जड गेलं तर ‘कार्मेन’ किंवा मोझार्टचं ‘मॅजिक फ्लूट’ बघा. ती मूळची अशी लिहिली आहेत की मध्ये चक्क गद्य संवाद येतात, आपल्या संगीत नाटकासारखे. ‘कार्मेन’चे काही प्रयोग मात्र संवादांच्या जागी नंतर रचलेलं गायन वापरतात, तेवढं पाहून निवडा.

७. पहिला अख्खा ऑपेरा

माझी शिफारस स्पष्ट आहे: ‘जान्नी स्कीक्की’. तासाभरात संपतो, विनोदी आहे, आणि त्यातलं गाणं तुम्हाला येतंय. दुसरा ‘ला बोएम’, संगीत दोन तासांच्या आत. तिसरा ‘कार्मेन’. एका बैठकीत संपवायची सक्ती नाही, रोज जेवणानंतर एक अंक केला तरी चालतं.

टाळायचं काय? ‘नेस्सून दोर्मा’ आवडलं म्हणून ‘तुरांदोत’ने सुरुवात करू नका. ते गाणं तिसऱ्या अंकात येतं आणि तोवर शिरच्छेद, कोडी आणि प्रचंड कोरस यांतून जावं लागतं. ऑपेरा भव्य आहे, पण पाचवा-सहावा म्हणून बघा. शिवाय पुच्चिनी तो अर्धवट टाकून १९२४ साली वारला, शेवट फ्रांको आल्फानोने पुरा केला, आणि ते जाणवतं. वाग्नरची चार रात्रींची ‘रिंग’ जवळजवळ पंधरा तासांची आहे. कोणी प्रौढीने सुचवलीच तर हसून विषय बदला.

पाहायचं कुठे? ‘ऑपेराव्हिजन’ नावाच्या संकेतस्थळावर युरोपातल्या ऑपेरागृहांचे प्रयोग सबटायटल्ससह फुकट असतात. प्रयोग ठरावीक मुदतीनंतर काढले जातात, त्यामुळे आवडलेला पुढच्या महिन्यावर टाकू नका. यूट्यूबवर जुने प्रयोग भरपूर आहेत, फक्त सबटायटल्स आहेत का ते आधी पाहा. आधुनिक दिग्दर्शकांनी कथा अंतराळात किंवा ऑफिसात नेलेले प्रयोग पहिल्या खेपेला नकोत. मूळ माहीत नसताना केलेला बदल कळत नाही.

८. गायला शिकावंसं वाटलं तर

इथे थोडक्यात सांगते, कारण तो वेगळा विषय आहे. रेकॉर्ड लावून टेनरची नक्कल करू नका, घसा बसतो. पाश्चात्त्य पद्धतीचा आवाज शिकवणारे शिक्षक मुंबईत आहेत, ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीताच्या परीक्षाही इथे होतात. शिक्षक निवडताना एकच विचारा: पहिले काही महिने श्वास आणि स्वरांवर जाणार की महिन्याभरात स्टेजवर गाणं बसवून देणार? दुसरं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

९. प्रत्यक्ष ऐकायला जा

मायक्रोफोनशिवायचा आवाज म्हणजे काय, हे हेडफोनवर कधीच कळणार नाही. त्यासाठी दक्षिण मुंबई गाठावी लागते, आणि आपल्यासाठी खरी कसोटी तीच.

ठिकाणं मुख्यतः दोन. नरिमन पॉइंटचं एनसीपीए: इथे जमशेद भाभा नाट्यगृह आहे आणि २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया इथलाच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोगही इथे पडद्यावर दाखवले गेले आहेत. दुसरं चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाउस. १९११ साली उद्घाटन झालेलं, १९९३ पासून बंद पडलेलं आणि २०१६ साली पुन्हा उघडलं तेव्हा मुंबईचीच सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो जिथे गायली, ते. अख्खा ऑपेरा क्वचित होतो. गायक आणि पियानो अशा छोट्या मैफली जास्त होतात आणि नवख्याला त्याच बऱ्या: आवाज अगदी जवळून ऐकू येतो. दोन्ही ठिकाणांच्या संकेतस्थळांवर महिन्याचा कार्यक्रम पाहत राहा. हे जमेपर्यंत नाताळच्या सुमारास जवळच्या चर्चमधला क्वायर ऐका. चार वेगवेगळे आवाज एकावर एक कसे रचतात ते तिथे फुकटात कळतं.

तिकीट काढताना पहिल्या रांगांच्या मागे लागू नका. थोडं मागे, मध्यभागी बसलात तर आवाज नीट मिसळून येतो, आणि वर दाखवली जाणारी भाषांतराची पट्टी वाचताना मानही अवघडत नाही. कपड्यांचं दडपण घेऊ नका, गडकरीला जाताना घालता ते चालतात. टाळ्या गाणं संपल्यावर वाजवतात, मध्येच ‘वाहवा’ नको. वन्समोअर मागायची आपली सवय आवरा. आणि उशीर करू नका: सुरू झाल्यावर सहसा मध्यंतरापर्यंत किंवा टाळ्यांच्या जागेपर्यंत आत सोडत नाहीत, मग तिकीट कितीचंही असो.

आता प्रवास. ठाण्याहून जलद लोकलने सीएसएमटी, तिथून एनसीपीएला बस किंवा टॅक्सी. वाशी-नेरुळ-पनवेलकरांना हार्बरने थेट सीएसएमटी. रॉयल ऑपेरा हाउससाठी ठाणेकरांनी दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडावी, चर्नी रोडवरून चालत जाता येतं. नवी मुंबईकरांना कुर्ला-दादर अशी दुहेरी बदलाबदली नको असेल तर सीएसएमटीहून टॅक्सी बरी.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. अशा मैफली बऱ्याचदा रविवारी संध्याकाळी असतात आणि ब्लॉक नेमका दुपारी. आदल्या दिवशी मध्य, हार्बर आणि ट्रान्स हार्बर तिन्हींचं वेळापत्रक बघून निघा, आणि नेहमीपेक्षा तासभर आधी निघा. उरलेल्या वेळात मरिन ड्राइव्हवर बसून वहीतला त्या संध्याकाळचा रकाना वाचून घ्या. परतीसाठी शेवटच्या गाडीची नव्हे, तिच्या आधीच्या गाडीची वेळ लिहून ठेवा, कारण ऑपेराचे प्रयोग छापलेल्या वेळेला संपतातच असं नाही.